गाळ्यातली पिन, डेकवरचे विमान

भाईंदर पूर्वेला नवघर, गोडदेव, खारीगाव या पट्ट्यातल्या इंडस्ट्रियल इस्टेटी बाहेरच्यांना स्टीलच्या भांड्यांसाठी माहीत आहेत. पण भांड्यांच्या प्रेसशेजारच्याच एखाद्या गाळ्यात सीएनसी लेथ असते, सिलिंड्रिकल ग्राइंडर असतो आणि मायक्रॉनमध्ये बोलणारा टर्नरही असतो. अशा गाळ्याच्या मालकाला नौदलाच्या लढाऊ विमानाचा सुटा भाग करता येईल का? येईल. इंजिनाचे पाते किंवा चाकांचा मुख्य खांब हे त्याचे काम नव्हे. पण पिना, बुश, ब्रॅकेट, सील, गॅस्केट, झाकणे, विमान ओढायची आणि डेकला बांधून ठेवायची साधने हे त्याच्या आवाक्यातले आहे. अशा एखाद्या किरकोळ भागासाठीही विमान हँगरमध्ये उभे राहू शकते.

गरज खरी आहे. रशियाकडून घेतलेली मिग-२९के विमाने फेब्रुवारी २०१० मध्ये गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर नौदलात दाखल झाली. २००४ आणि २०१० अशा दोन करारांतून मिळून ४५ विमाने घेतली गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये आयएनएस विक्रमादित्य नौदलात आली, सप्टेंबर २०२२ मध्ये कोचीत आयएनएस विक्रांत दाखल झाली, आणि दोन्ही डेकवर हीच विमाने आहेत. कॅगच्या २०१६ च्या अहवालाप्रमाणे एक आसनी विमाने उड्डाणाला तयार असण्याचे प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के एवढेच होते, आणि स्वीकारलेल्या ६५ इंजिनांपैकी ४० इंजिने दोषांमुळे काढून ठेवावी लागली होती. इंजिनांचा प्रश्न आपल्या गाळ्यात सुटणारा नाही. मात्र डेकवर उतरताना उद्‌भवणाऱ्या दोषांचा उल्लेखही त्याच अहवालात आहे, आणि तो आपल्या कामाशी जवळचा आहे. ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने येणारे विमान शेपटीचा हुक तारेत अडकवून शंभरेक मीटरच्या आत थांबते. तो हिसका प्रत्येक बिजागरीला आणि प्रत्येक पिनेला बसतो. एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल-एम विमानांचा करार झाला असला तरी ती येऊन रुळेपर्यंत भार मिगवरच आहे. नव्या विमानाचे भाग मूळ उत्पादकाच्या हक्कातले असतात, त्यांची नक्कल करायला जाऊ नये.

पुढची कृती एका पिनेला धरून लिहिली आहे. समजा, ती तपासणीच्या एका झाकणाच्या बिजागरीतली १२ मिलिमीटर व्यासाची पोलादी पिन आहे. तिच्यावर कॅडमियमचा मुलामा आहे आणि एका टोकाला स्प्लिट पिनसाठी आडवे भोक आहे. दिसायला साधी वस्तू, पण बहुतेक अडचणी या एका पिनेत भेटतात.

आधीची तयारी

उद्यम नोंदणी असेल तर तिच्यातली माहिती ताजी करा, नसेल तर करून घ्या. ती मोफत आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना सरकारी खरेदीत मिळणाऱ्या सवलती, म्हणजे बयाणा रकमेची माफी आणि २०१२ च्या खरेदी धोरणातला राखीव वाटा, याच नोंदणीवर मिळतात. मग सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव घाला. कागदपत्रांत अडले तर ठाण्याचे जिल्हा उद्योग केंद्र आणि साकीनाक्याचे एमएसएमई कार्यालय ही दोन दारे जवळ आहेत.

मोजमापाची साधने कॅलिब्रेट करून आणा. चुनाभट्टीची आयडेमी ही सरकारी संस्था वर्षानुवर्षे हे काम करते. मायक्रोमीटरवर स्टिकर असून भागत नाही. प्रमाणपत्राचा क्रमांक, पुढची तारीख आणि त्या मायक्रोमीटरने मोजलेल्या जॉबची नोंद एकमेकांशी जुळली पाहिजे. आयएसओ ९००१ नसेल तर तिथून सुरुवात करा. विमान क्षेत्रासाठीचे एएस ९१०० नंतर घेता येते, पण त्याची शिस्त पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा.

आणखी एक तयारी आपल्या भागात विसरून चालणारच नाही. या कामाचा धातू वेगळ्या, कुलूप असलेल्या रॅकवर ठेवा. भाईंदरमध्ये ३०४, २०२, माइल्ड स्टील असे सगळे तुकडे एकाच जमिनीवर पडलेले असतात आणि रंगावरून कुणाला काही कळत नाही. प्रत्येक बारच्या टोकाला रंगाची खूण करा आणि हीट नंबर, म्हणजे पोलाद ओतल्याच्या खेपेचा क्रमांक, कोरा. बार कापताना खूण नसलेल्या बाजूने कापा, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर ओळख शिल्लक राहते.

भाग निवडणे

संरक्षण उत्पादन विभागाने ऑगस्ट २०२० मध्ये सृजन पोर्टल सुरू केले. आजवर आयात होणारे आणि देशात बनवून हवे असलेले भाग तिथे मांडलेले असतात. शक्य तिथे फोटो, मापे आणि वार्षिक गरजही दिलेली असते. नौदलाची यादी उघडून बसा आणि तीन प्रश्न विचारत चाळणी लावा. आपल्या मशीनवर होईल का? लागणारा धातू देशात मिळेल का? भाग तुटला तर विमानाला आणि वैमानिकाला किती धोका? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जड असेल तर पहिल्या वेळी तो भाग सोडून द्या. जमिनीवरची साधने, झाकणे, बिजागऱ्या, क्लॅम्प यांपासून सुरुवात करणारा गाळा टिकतो, हे माझे ठाम मत आहे.

भाग ठरला की पोर्टलवर इच्छा नोंदवा आणि संबंधित कार्यालयाकडून पत्र येईपर्यंत काहीही बनवायला घेऊ नका. विमानाचा वापरलेला भाग भंगारवाल्याकडून आणून त्याची नक्कल करून ठेवणे हे तर मुळीच नको. नमुना रीतसर पावतीवर मिळाला पाहिजे, कारण तो परत करायचा असतो.

नमुना मोजणे

एका नमुन्यावर विसंबू नका, मिळतील तेवढे मागा, आणि त्यांतला किमान एक तरी न वापरलेला असावा. वापरलेली पिन ब्रॅकेटच्या जागी घासलेली असते. तिचा खरा व्यास दोन टोकांजवळच्या न घासलेल्या पट्ट्यात सापडतो. शक्य असेल तर ती ज्यात बसते त्या भोकाचे मापही घ्या, कारण पिनेची मापे भोकामुळेच ठरलेली असतात.

मोजमाप २० अंश सेल्सिअसला धरले जाते. मे महिन्यात बिनएसी गाळ्यात ३५ अंश असतात. १०० मिलिमीटरचा स्टेनलेसचा तुकडा तेवढ्याने साधारण २५ मायक्रॉन वाढतो. मायक्रोमीटरही तापून वाढतो, पण वेगळ्या प्रमाणात. नमुना आणि साधन दोन्ही एसी खोलीत काही तास ठेवून मगच मापे घ्या आणि खोलीचे तापमान नोंदीत लिहा.

आता आकडे पाहू. समजा पाच नमुन्यांचे व्यास ११.९८५ ते ११.९९१ मिलिमीटर आले. म्हणून ड्रॉइंगवर हीच मर्यादा टाकायची का? नाही. पाच नमुन्यांत आलेली रुंदी ही मूळ कारखान्याला दिलेली मर्यादा नव्हे. ठरलेल्या फिट्सच्या तक्त्यात पाहिले तर १२ मिलिमीटरच्या जी-६ शाफ्टची मर्यादा ११.९८३ ते ११.९९४ येते आणि पाचही नमुने तिच्यात बसतात. भोक एच-७ मध्ये, म्हणजे १२.००० ते १२.०१८ मध्ये मिळाले तर अंदाजाला बळ येते. तरीही तो अंदाजच राहतो, आणि ड्रॉइंगवर तसे लिहूनच पुढे पाठवा.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. मोजलेला व्यास मुलाम्यासकट असतो. मुलाम्याची जाडी ६ ते ९ मायक्रॉन असेल तर व्यास दोन्ही बाजूंनी मिळून १२ ते १८ मायक्रॉन वाढतो. म्हणजे ११.९८३ च्या खाली जायचे नसेल आणि ११.९९४ च्या वर जायचे नसेल, तर ग्राइंडिंगनंतर, प्लेटिंगच्या आधी, पिन ११.९७१ ते ११.९७६ च्या मध्ये असली पाहिजे. अकरा मायक्रॉनची मोकळीक ग्राइंडरवाल्याच्या हातात येईपर्यंत पाच मायक्रॉन उरते. “शेठ, पाचात कोण बसवणार?” असे तो विचारणारच. हे गणित दर सांगण्याआधी करायचे असते.

धातू ओळखणे

भंगाराच्या बाजारात जी एक्स-रे गन लावून स्टेनलेसचा ग्रेड सांगतात, ती इथे पुरत नाही. हातातल्या त्या यंत्राला कार्बन दिसत नाही, आणि पोलादाची ताकद कार्बनवर ठरते. एक नमुना कापायची लेखी परवानगी घ्या आणि एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत स्पार्क स्पेक्ट्रोमीटरवर तपासा. त्याच तुकड्यावर कडकपणा आणि सूक्ष्मरचना पाहा, मुलाम्याची जाडीही तिथेच मोजून घ्या.

रशियन विमानांत ३० ख-ग-स-अ हे पोलाद वारंवार भेटते. त्याचे नाव म्हणजेच त्याचा मसाला आहे: सुमारे ०.३० टक्के कार्बन आणि ख म्हणजे क्रोमियम, ग म्हणजे मँगनीज, स म्हणजे सिलिकॉन ही तिन्ही एक-एक टक्क्याच्या आसपास. शेवटचा अ उच्च शुद्धतेचा. रशियन ‘स’ इंग्रजी ‘सी’सारखा दिसतो, त्यामुळे वाचणाऱ्याला तो कार्बन वाटू शकतो. कागद रशियन असेल तर लिपी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या.

या पोलादाला आपल्या बाजारात तंतोतंत जोड नाही. व्यापारी ४१३० किंवा ४१४० पुढे करील. त्यांत मॉलिब्डेनम आहे, सिलिकॉन कमी आहे, आणि ताकद हवी तेवढी आणता येते. पण पर्याय चालेल की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपला नाही. तुलनेचा तक्ता करा, दोन्हींची ताकद, लवचीकता आणि आघात सोसण्याची क्षमता आकड्यांत मांडा आणि मंजुरीसाठी पाठवा. हैदराबादची मिधानी खास धातू बनवते. मात्र थोड्या किलोंसाठी वेगळी हीट कोणी ओतत नाही, म्हणून धातूची उपलब्धता या टप्प्यावरच पक्की करा.

मंजुरीची वाट

लष्करी विमानावर बसणाऱ्या कोणत्याही वस्तूच्या उड्डाणयोग्यतेची जबाबदारी सेमिलॅककडे असते. ही डीआरडीओची बंगळुरूतली संस्था आहे. तिची प्रादेशिक केंद्रे आहेत आणि त्यांतले एक नाशिकला आहे. ओझरला १९६४ पासून एचएएलचा मिग कारखाना उभा राहिला, त्यामुळे मिग विमानांची जाण असलेली माणसे आणि यंत्रणा आपल्याला घोडबंदर रोडने गाठता येईल इतकी जवळ आहेत. गुणवत्तेची तपासणी डीजीएक्यूए ही वेगळी यंत्रणा करते. नियमांचा ग्रंथ आहे आयएमटीएआर-२१. त्याने २००२ च्या जुन्या नियमावलीची जागा घेतली. तो वाचा. कठीण वाटला तरी आपल्या भागाच्या वर्गवारीचे प्रकरण तरी वाचाच.

भाग किती जोखमीचा, त्यावर मंजुरीची वाट लांब की आखूड ते ठरते. आपल्याकडून दोन कागद लागतात. एक क्यूटीपी, म्हणजे पहिल्या नमुन्यांवर कोणत्या चाचण्या, किती नगांवर, कोणत्या मानकाने होणार ते. दुसरा एटीपी, म्हणजे नंतरच्या प्रत्येक लॉटवर काय तपासणार ते. चाचण्या या कागदांवर सही झाल्यावरच सुरू करा. आधी केलेली चाचणी कितीही चांगली असली तरी साक्षीदार नसल्यामुळे पुन्हा करावी लागते, आणि तो खर्च आपला असतो.

खर्चाचे आत्ताच बोललेले बरे. संरक्षण खात्याच्या चाचण्या अनेकदा ‘नो कॉस्ट, नो कमिटमेंट’ या अटीवर होतात. नमुने आणि चाचण्या तुमच्या खिशातून, आणि ऑर्डरची हमी नाही. वार्षिक गरज काही डझन नगांची असू शकते. म्हणून एकाच प्लेटिंगच्या, एकाच धातूच्या, मापाने थोड्या वेगळ्या अशा चार-पाच पिनांचा गट हाती घ्या. धातू, भट्टी आणि प्रयोगशाळेचा खर्च वाटला जातो.

घडवणे

सी. पी. टँक आणि कुंभारवाड्यात पोलाद मिळते. पण या कामाला बिल आणि गेट पासवर भागत नाही. मिलचे ३.१ प्रमाणपत्र हवे, त्यावरचा हीट नंबर बारवरच्या नंबराशी जुळला पाहिजे, आणि तरीही आपल्याकडून एक तुकडा पुन्हा तपासला पाहिजे.

बार टर्न करताना व्यासावर ग्राइंडिंगसाठी माल शिल्लक ठेवा. आडवे भोक हीट ट्रीटमेंटच्या आधी पाडा. भोक पिनेच्या अंगाला जिथे भेटते तिथे बर उठते. ती कडा हाताने गोल करा आणि दहापट भिंगाखाली पाहा. तडा जातो तो बहुधा अशाच कडेपासून. डोक्याखालच्या कोपऱ्यातली त्रिज्याही ड्रॉइंगप्रमाणे हवी. टूल धारदार आहे म्हणून कोपरा धारदार सोडायचा नाही. पॉलिश लांबीच्या दिशेने करा, कारण आडवा ओरखडा ताणाला आडवा पडतो.

भट्टीला पाठवताना त्याच बारमधला एक चाचणी-तुकडा त्याच चार्जमध्ये घाला. ३० ख-ग-स-अ साठी नेहमीची रीत म्हणजे ८८० अंशांवरून तेलात विझवणे आणि मग ५४० अंशांवर टेम्परिंग. त्यातून सुमारे १०८० मेगापास्कल ताकद येते. भट्टीवाल्याकडून नुसता ‘ओके’ शिक्का घेऊ नका, तापमानाचा आलेख घ्या. आलेखावर चार्ज नंबर नसेल तर लॉट ताब्यात घेऊ नका.

मग ग्राइंडिंग. कूलंट भरपूर, काप बारीक. जळालेला डाग दिसला तर ती पिन बाद करा. डाग घासून काढला तरी आतली इजा तशीच राहते. त्यानंतर मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी, प्रमाणित तपासनिसाकडून आणि प्लेटिंगच्या आधी.

भाईंदरला खाडी आणि मिठागरांचा शेजार आहे. पावसाळ्यात नुकतेच ग्राइंड केलेले पोलाद रात्रभर उघडे राहिले तर सकाळी तांबूस दिसते. म्हणून ग्राइंडिंग आणि प्लेटिंग यांच्यामधला वेळ तासांत मोजा. पिना तेलात बुडवून, गंजरोधक कागदात गुंडाळून ठेवा आणि उघड्या हाताने हाताळू नका. डेकवर तर ही हवा बारा महिने, वर लाटांचे तुषारही आहेत.

मुलामा

पोलादी पिन ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटमध्ये बसली आणि मध्ये खारे पाणी आले की दोन धातूंत विद्युत-रासायनिक झीज सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कॅडमियम गंजाच्या मालिकेत ॲल्युमिनियमच्या जवळ बसते, म्हणून ते मध्ये घालतात. कॅडमियम विषारी आहे आणि त्याच्या बाथमध्ये बहुधा सायनाइड असते. हे काम ओळखीच्या निकेल-क्रोमवाल्याकडे करवून घेऊ नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि विमान क्षेत्राची मान्यता असलेला प्लेटर शोधा, लांब असला तरी. झिंक-निकेल हा कमी घातक पर्याय पुढे येतो आहे. तो सुचवायला हरकत नाही, पण मंजुरीशिवाय वापरायचा नाही.

प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो आणि जास्त ताकदीचे पोलाद त्याने ठिसूळ होते. पिन मापात बसते, चमकते आणि काही दिवसांनी झेपण्याजोग्या भाराखालीही चिरते. उपाय एकच, प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत १९० अंशांच्या आसपास ठेवणे. काही मानकांत या बेकिंगचा काळ किमान २३ तासांचा आहे. प्लेटरची भट्टी त्याच आवारात आहे का, हे पाहूनच काम द्या. बाथमधून बाहेर काढल्याची आणि भट्टीत घातल्याची अशा दोन्ही वेळा चलनावर लिहून घ्या. सगळ्या कागदांत मला हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो, कारण राहून गेलेले बेकिंग नंतर डोळ्यांनी किंवा मायक्रोमीटरने सापडत नाही.

तपासणी आणि चाचण्या

पहिल्या नगाचे प्रत्येक माप, प्रत्येक त्रिज्या, प्रत्येक टीप ड्रॉइंगवर क्रमांक घालून तपासा आणि त्याच क्रमांकाने तक्त्यात लिहा. प्रत्यक्ष आकडा लिहा, ‘ओके’ लिहू नका. नंतर मंजूर क्यूटीपीप्रमाणे ताण, कडकपणा, कातर-भार, मुलाम्याची जाडी आणि मिठाची फवारणी. फवारणीत ५ टक्के मिठाचे पाणी ३५ अंशांवर सतत धुक्यासारखे मारतात, ठरलेले तास भरेपर्यंत. चाचणीत नग बाद झाला तर लगेच दुसरा लावू नका. तपासनिसाला कळवा, कारण शोधा, लेखी द्या. बाद नग लाल पेटीत, कुलपात ठेवा आणि शेवटी कापून नष्ट करा. तो कुठल्याही मार्गाने बाजारात जाता कामा नये.

पॅकिंग

विमानवाहू नौकेच्या डेकवर खलाशी खांद्याला खांदा लावून चालत बारीकसारीक वस्तू वेचतात, कारण एक सुटा खिळा इंजिनात ओढला गेला तर पाती जातात. म्हणून आपल्या पाकिटात स्टेपलची पिन, लोखंडाचा कीस, रबर बँड असे काही नको. प्रत्येक पिन वेगळ्या सीलबंद पिशवीत, गंजरोधक कागदासह ठेवा. वर भाग क्रमांक, लॉट, हीट नंबर आणि तारीख लिहा. पाकिटे मोजताना दोन माणसे ठेवा. ड्रॉइंगचे किंवा भागाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू देऊ नका, कामगारांच्या ग्रुपवरही नाही.

पैसे

बिल आणि स्वीकृतीची तारीख जपून ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार समाधान पोर्टलवर करता येते. कर्ज काढून चाचण्या केल्या असतील तर ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिल वटवून घ्या.

ऑर्डर आल्यानंतर

मंजुरी ज्या धातूला, ज्या भट्टीला, ज्या प्लेटरला मिळाली, त्यांच्याच नावाने ती असते. प्लेटरने बाथ बदलला किंवा तुम्ही ग्राइंडर दुसऱ्या गाळ्यात हलवला, तरी आधी कळवा आणि उत्तर येईपर्यंत लॉट थांबवा. प्रत्येक लॉटमधल्या दोन पिना आणि एक चाचणी-तुकडा स्वतःकडे जपून ठेवा. गोव्याहून एखादी पिन तक्रारीसह परत आली तर तिच्या पिशवीवरच्या लॉट नंबरावरून बार, चार्ज, बेकिंगची वेळ आणि मोजणाऱ्याचे नाव त्याच दिवशी काढता आले पाहिजे. त्याच लॉटच्या बाकीच्या पिना कोणकोणत्या विमानांवर आहेत हे नौदलाला तेवढ्यात शोधायचे असते, आणि तोवर ती विमाने उडवली जाणार नाहीत.